भिंतीकडची बाजू

मी फिटर माणूस. वेल्डर नव्हे. हा फरक आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. वेल्डर दोन लोखंडं एकमेकांना चिकटवतो आणि मोकळा होतो. फिटर ती अशी जुळवतो की जोड दिसू नये, आणि दुरुस्तीची वेळ आली की पुन्हा उघडावा. कुडाळला ज्या मेस्त्रींच्या हाताखाली मी शिकलो ते कामावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडलं की एक शब्द न बोलता काम भंगारात टाकायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. पहिल्या वर्षी माझी किती कामं भंगारात गेली ते विचारू नका. दुसऱ्या वर्षी मात्र नख अडायचं बंद झालं, आणि त्यानंतर आयुष्यात अडलं नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी फुशारकी आहेच.

कुवेतला आलो तेव्हा युद्ध संपून थोडेच दिवस झाले होते आणि हाताला काम भरपूर होतं. मीना अब्दुल्ला या भागात आमचं वर्कशॉप. रिफायनरीचे पंप, व्हॉल्व, शाफ्ट, जे मोडेल ते आमच्याकडे यायचं. मालक अरब, फोरमन केरळचा. मी आणि माझा एक गाववाला एका खोलीत राहायचो. तो प्लंबर, वेंगुर्ल्याकडचा, तोंडानं फटकळ आणि हाताला चव. स्वयंपाक तो करायचा, भांडी मी घासायचो. अशी आमची वाटणी, आणि ती शेवटपर्यंत टिकली.

एकदा एक म्हातारा कुवेती आपल्या होडीचा वाकलेला शाफ्ट घेऊन आला. उंच, काटकुळा, पांढरा झगा अगदी कडक इस्त्रीचा. माझ्याकडे बघून म्हणाला, "क्या मिस्त्री, होगा क्या इसका कुछ?" मी चाटच पडलो. असली हिंदी तर मुंबईत ऐकायची. तरुणपणी हा बापाच्या गलबतावर खजूर घेऊन मुंबईला जायचा, महिना महिना मुक्काम करायचा. मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, सगळं तोंडपाठ. मी त्याला हाजी म्हणायला लागलो, तो मला मिस्त्री. शाफ्ट मी सरळ करून दिला. त्यानं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "कहाँ टेढ़ा था, वही नहीं मिल रहा." माझ्याशी ओळख करून घ्यायची तर यापेक्षा चांगलं वाक्य नाही.

युद्धानंतर त्या देशात घरोघरी बंदुका राहून गेल्या होत्या. सरकारनं ताकीद दिली, परवाना नसलेलं शस्त्र जमा करा. एखाद्याला जुनी, आठवणीची बंदूक घरात ठेवायचीच असेल तर ती कायमची निकामी करून आणायची, अधिकारी तपासणार, शिक्का मारणार, मग ती भिंतीवर टांगायला मोकळीक. तपासणीत नापास झाली तर बंदूक तिथेच ठेवून घेणार आणि वितळवणार.

त्यानंतर हाजी पुन्हा आला. या वेळी गाडीतून चादरीत गुंडाळलेली रायफल काढली. मी दोन पावलं मागे सरलो. म्हटलं, हाजी, कागद असल्याशिवाय मी हिला बोट लावणार नाही. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, गेला तर मला विमानात बसवून देतील, आणि वर्कशॉपला टाळं लागेल ते वेगळंच. त्यानं खिशातून कागद काढला. शिक्क्याचा, तारखेचा. फोरमननं तो वाचला, मालकाला फोन लावला, मालक म्हणाला करा. मग मी हात धुतले आणि रायफल उचलली.

शिकारीची होती. दस्त्याचं लाकूड हातात घासून घासून तुकतुकीत झालेलं, आणि त्याच्यावर चाकूच्या टोकानं कोरलेली एक छोटी होडी. शीड, डोलकाठी, सगळं. लहान मुलानं काढावी तशी.

"माझ्या मुलाची आहे," हाजी म्हणाला. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, मी इथे आपल्या भाषेत सांगतो. "दहा वर्षांचा होता तेव्हा कोरली ती होडी. बंदूक माझी होती. त्यानं होडी कोरली आणि म्हणाला, आता माझी."

मुलाला युद्धात इराकी सैनिकांनी पकडून नेलं होतं. घरातून, जेवणावरून. बसमध्ये चढताना शेजाऱ्यांनी बघितलं, त्यानंतर कोणी नाही. जिवंत आहे की नाही याचा कागद नव्हता, निरोप नव्हता, काहीच नव्हतं. अशी शेकडो घरं होती तिथे. हाजीनं मुलाची खोली रोज झाडून घ्यायची पद्धत ठेवली होती आणि त्याची गाडी दर आठवड्याला सुरू करून बघायची.

"मिस्त्री," तो म्हणाला, "बंद कर. पण अशी कर की उघडता येईल. तो आल्यावर विचारेल."

कागदावर 'कायमची' असं लिहिलं होतं. फोरमननं मला ते वाचून दाखवलं होतं. ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. पण समोर म्हातारा उभा, आणि मागणं काय, तर जोड दिसू नये आणि पुन्हा उघडावा. अहो, हेच तर मी आयुष्यभर शिकलो होतो. कुठलाही वेल्डर म्हणाला असता की बुवा, नियमात बसत नाही. माझ्यासारखा फिटर म्हणाला, होऊन जाईल.

चार संध्याकाळ काम केलं. नळी आतून बंद केली, आणि बाहेरून नख फिरवलं तर कळूही नये असा जोड केला. तो सोडवायची किल्ली फक्त मला ठाऊक. खोलीवर आल्यावर मी गाववाल्याला कौतुकानं सांगितलं. तो मासे तळत होता. वळूनही बघितलं नाही.

"मेल्या," तो म्हणाला, "अरबाची बंदूक आणि तुझी अक्कल, दोनय एकाच वेळेक जप्त होतली."

मी त्याला म्हटलं, तुझ्या नळाच्या जोडातून पाणी ठिबकतं, तू मला शिकवू नको. त्या दिवशी मासे जरा खारटच केले होते त्यानं.

तपासणीला हाजीनं मला सोबत नेलं, काम करणारा म्हणून. लांबलचक टेबल, मागे अधिकारी, पन्नाशीचा, दाट मिशा. त्यानं रायफल घेतली, प्रकाशाकडे धरली, नळीत बघितलं, मग बाहेरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. खिशातून भिंग काढलं. मी मनातल्या मनात खूश. बघ म्हटलं, किती बघायचं ते बघ.

त्यानं रायफल टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघून अरबीत काहीतरी म्हणाला. हाजीनं मान खाली घालून मला सांगितलं.

"तो म्हणतो, काम फार सुंदर आहे. इतकं सुंदर काम कोणी बंद करण्यासाठी करत नाही. हे उघडण्यासाठी केलंय."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. लाज वाटली हे खरं, पण आधी राग आला, आणि राग कशाचा, तर माझं काम त्यानं ओळखलं याचा. तो माणूस मनात आणता तर रायफल तिथेच ठेवून घेऊ शकला असता आणि मला कोठडीत टाकू शकला असता. त्यानं तसं केलं नाही. होडीवरून अंगठा फिरवला, हाजीला काहीतरी विचारलं, हाजीनं दोन शब्दांत उत्तर दिलं. मग म्हणाला, बुधवारी दुपारी बारापर्यंत. वेल्डिंग करून आणा, बाहेरून, सगळ्यांना दिसेल असं. मला हात लावून शोधायला लागता कामा नये. नाहीतर बंदूक इथे.

परतताना गाडीत हाजी म्हणाला, "देऊन टाकू."

"का?"

"वेल्डिंग केलं की ती पुन्हा उघडणार नाही. मग मीच म्हटल्यासारखं होईल की तो येणार नाही. सरकारनं नेली तर सरकारनं नेली. माझ्या हातून नको."

आता मला एक गोष्ट माहीत होती जी त्याला माहीत नव्हती. आमच्याकडे कोकणात रानडुकरांपासून शेती राखायला घरोघरी ठासणीची बंदूक असते, परवान्याची. निवडणूक जाहीर झाली की पोलीस सांगतात जमा करा. माझे बाबा दर वेळी बंदूक खांद्यावर टाकून ठाण्यात पोचवून यायचे, आणि मग निकाल लागेपर्यंत त्यांचं डोकं ठिकाणावर नसायचं. जेवता जेवता हात थांबायचा आणि नजर त्या रिकाम्या खुंटीकडे. महिनाभराचा तो प्रकार, बंदूक परत येणार हे ठाऊक असूनही. आई म्हणायची, खुंटीवर माझा पदर तरी टांगून ठेवते, म्हणजे तुमचं जेवण घशाखाली उतरेल. मला म्हाताऱ्याची ती रिकामी भिंत दिसली आणि माझं डोकं फिरलं.

"हाजी," मी म्हटलं, "तुमचा मुलगा उद्या दारात आला आणि म्हणाला माझी बंदूक कुठाय, तर काय सांगणार? वितळवली? तिची होडी पण जाळली? भिंतीवर असली तर तो उतरवून बघेल आणि भांडेल, कोणी बंद केली म्हणून. भांडू दे ना. माझं नाव सांगा. मी त्याच्यासमोर उभा राहीन, शिव्या खाईन, आणि त्याला नवीन बंदूक घ्यायला तुमच्याबरोबर येईन. पण भिंत रिकामी असली तर तो भांडणार कशाशी?"

एवढ्या चढ्या आवाजात मी तिथल्या माणसाशी कधी बोललो नव्हतो. हाजीनं मला वर्कशॉपपाशी सोडलं आणि रायफल न सांगता माझ्या हातात दिली.

बुधवार निघाला नेमका खंडेनवमीचा. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो आणि त्यांना विश्रांती देतो. कुवेतमध्ये आल्यापासून एकदाही मी त्या दिवशी मशीन लावलं नव्हतं. फोरमन मला ओळखून होता, तो त्या दिवसासाठी मला स्टोअरची मोजणी काढून ठेवायचा. सकाळी मी निघालो तर गाववाला दारात आडवा.

"आज हातात वेल्डिंगचो होल्डर धरतलंस?"

"धरतलंय."

"आणि देवाक काय सांगतलंस?"

"सांगतलंय, फिटर नाय आयलो. आज वेल्डर आयलो."

तो हसला नाही. घरून आलेली कुंकवाची पुडी आणि बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, आणलेला एक नारळ माझ्या हातात ठेवला आणि बाजूला झाला.

बेंचवर मी स्वच्छ कापड घातलं. पाने, कानस, हातोडा, व्हर्नियर, सगळं ओळीनं मांडलं. हाजी आठ वाजताच आला होता. रायफल मी ओळीच्या शेवटी ठेवली. हत्यारांना कुंकू लावत तिच्यापर्यंत आलो आणि थांबलो. दुसऱ्याच्या घरची वस्तू, दुसऱ्याचा धर्म. हात मागे घेतला.

"मुंबईत बघितलंय मी हे," हाजी म्हणाला. "गोदीवरचे लोक करायचे. होडीला पण करायचे." मग त्यानं स्वतःच ओठांतल्या ओठांत त्याचं काहीतरी म्हटलं आणि रायफलच्या दस्त्यावर, होडीपाशी, तळहात ठेवला. आमची पूजा अशी दोन्हीकडून झाली. नारळ फोडला, तुकडा त्यालाही दिला, त्यानं खाल्ला.

मी माझा तो सुंदर जोड काढून टाकला. नळीत पोलाद ठोकून बसवलं. लाकडावरची होडी तापू नये म्हणून दस्त्याला ओलं फडकं गच्च गुंडाळलं. मग होल्डर हातात घेतला आणि हाजीकडे बघितलं.

"करू?"

तो काही बोलला नाही.

"हाजी, करू का?"

बोलला नाही. मला कोणी हो म्हटल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला पुन्हा सुधारता न येणारं काम करायची सवय नाही. घड्याळात दहा वाजून गेले होते आणि तपासणीचं ठिकाण तासाभरावर. मी तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा त्यानं बेंचवरची वेल्डिंगची ढाल उचलली, ती काळ्या काचेची, आणि तोंडासमोर धरली. त्या काचेमागे माणूस बघतोय की रडतोय ते बाहेरून कळत नाही. ढाल उचलली म्हणजे हो, असं मी धरलं. धरलं म्हणजे, धरून टाकलं.

ठिणगी पाडली. माझ्या मेस्त्रींनी बघितलं असतं तर मला हाकलून दिलं असतं असं ते काम झालं. गाठीगाठींचा, उंच, ओबडधोबड टाका, होडीच्या उलट बाजूला. घासला नाही, साफ केला नाही. नख काय, आंधळ्याची काठी अडावी असा. मी मुद्दाम तसा ठेवला आणि तरी मला त्याच्याकडे बघवेना.

अधिकाऱ्यानं लांबूनच बघितलं. हातही लावला नाही, शिक्का मारला. हाजीला काहीतरी म्हणाला. हाजीनं या वेळी मला त्याचा अर्थ सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

त्यानंतर दर ईदेला मी सलवा भागात त्याच्या घरी जायचो. त्यांची पुरुषांच्या बैठकीची खोली असते, दिवानिया म्हणतात. भिंतीला लागून गाद्या, मध्ये खजूर, कॉफी. समोरच्या भिंतीवर रायफल. होडी दिसायची, पण टाका दिसायचा नाही. हाजीनं ती अशी टांगली होती की वेल्डिंगची बाजू भिंतीकडे. आलेल्या माणसाला वाटावं, रायफल अगदी धडधाकट आहे.

पहिल्या वर्षी मला बरं वाटलं. निदान माझं ते घाणेरडं काम लपलं. दुसऱ्या वर्षापासून टोचायला लागलं. तो मला प्रेमानं बसवायचा, मुंबईच्या गोष्टी काढायचा, माझ्या मुलीच्या बारशाला त्यानं सोन्याची अंगठी पाठवली. पण रायफलचा विषय त्यानं कधी काढला नाही आणि मीही नाही. मला वाटायचं, यानं हो म्हटलं नव्हतं. मी घड्याळ बघितलं आणि उरकून टाकलं. एका बापाचा मुलगा येणार नाही हे त्याच्या तोंडून वदवायचं सोडून मी माझ्या हातानं लिहून दिलं, आणि तेही पुसता येणार नाही असं. गाववाला म्हणायचा, एवढं वाटतं तर विचार त्याला. त्याचं काय जातं सांगायला. इतकी वर्षं मी कोणापुढे मान खाली घातली नाही, पण त्या भिंतीसमोर बसलं की माझी नजर कॉफीच्या कपातच असायची.

अशी बरीच वर्षं गेली. गाववाला कायमचा गावी परतला, माझ्या केसांत चुन्याची बोटं फिरली. मग इराकमध्ये राजवट पडली आणि वाळवंटातून हाडं सापडायला लागली. त्या हरवलेल्या माणसांची. तपासणी व्हायची, नाव जुळायचं, घरी कळवायचे. एक दिवस दुपारी हाजीचा ड्रायव्हर वर्कशॉपवर आला आणि म्हणाला, बाबांचा मुलगा आला.

क्षणभर मला खरंच वाटलं की आला. माणूस किती वेडा असतो बघा. मग ड्रायव्हरचं तोंड बघितलं.

दफन झाल्यावर तीन दिवस लोक भेटायला येतात. मी दुसऱ्या दिवशी गेलो. दिवानिया भरलेली होती. हाजी दारापाशी बसला होता, आता फारच वाकलेला. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं, ते सगळं विसरलो आणि गादीवर जाऊन बसलो. सवयीनं नजर कपात घातली. मग वर बघितलं.

रायफल फिरवलेली होती. होडी भिंतीकडे गेली होती आणि टाका खोलीकडे. गाठीगाठींचा, उंच, जसा सोडला होता तसाच. खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होता.

माझ्या शेजारी एक तरुण बसला होता, नात्यातला असावा. त्यानं ते बघितलं आणि हाजीला अरबीत विचारलं. एव्हाना मला तेवढी अरबी कळायला लागली होती. तो विचारत होता, आजोबा, एवढ्या चांगल्या बंदुकीचं हे असं कोणी केलं?

खोलीत दहा-पंधरा माणसं होती. हाजीनं माझ्याकडे बघितलं, हात लांब केला आणि माझ्याकडे दाखवलं.

"या मिस्त्रीनं," तो म्हणाला. "मी त्याला हो म्हटलं होतं."